पाऊस, ऊस आणि अडलेलं यमक

उसाचं_पाचट

राम राम मंडळी. गाणी लिहायचा नाद आहे, पोटापाण्याला दुसरं काम आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत मित्राचा छोटा स्टुडिओ आहे, तिथं एक गाणं बांधायचं चाललंय. चाल आधी झाली, शब्द मागून भरायचे. गाणं शेतकऱ्याच्या घरातल्या बाईच्या तोंडी आहे. मुखड्याची पहिली ओळ अशी बसली:

*रान सारं बघत ऱ्हायलं, अजून न्हाई पाऊस*

संगीतकाराला ओळ आवडली. घोडं दुसऱ्या ओळीवर अडलंय. 'पाऊस'ला डोक्यात एकच येतं, 'नको ना जाऊस'. पण जो अजून आलेलाच नाही त्याला जाऊ नको कसं म्हणायचं?

मराठी यमकांचा एखादा कोश, यादी, ॲप असं काही आहे का? इंग्रजीत शब्द टाकला की खाली ढीगभर यमकं पडतात, तसं. नसेल तर तुम्ही लोक यमक शोधता कसं, तेवढं तरी सांगा. रेकॉर्डिंग पुढच्या आठवड्यात आहे.

दुसरी_घंटा

'नको ना जाऊस'ला कडक विरोध. कॉलेजच्या स्नेहसंमेलनांत परीक्षक म्हणून बसतो. पावसाची कविता सुरू झाली की तिसऱ्या ओळीत 'जाऊस' येणार हे शेजारच्या परीक्षकाला आधीच सांगून ठेवतो.

मिरजकर_तिकटी

भावा, शेतकऱ्याचं गाणं लिहितोयस, स्वतःचं नाव उसाचं पाचट ठेवलंयस आणि 'पाऊस'ला 'ऊस' सुचंना? नाद खुळा!

बसल्या बसल्या आठवले ते देतो: ऊस, माणूस, कापूस, कूस, फूस, मूस, घूस, तूस, धुसफूस, विचारपूस. ह्यातला 'कूस' उचल. माती कूस बदलते, आईची कूस असते, भाकड म्हशीपासून देवीपर्यंत कुठंही चालतो.

*रान सारं बघत ऱ्हायलं, अजून न्हाई पाऊस*
*रातभर ह्या मातीनं बी बदललीया कूस*

घे, फुकट. नाव लावू नको.

उसाचं_पाचट

दादा, 'कूस' काटा किर्र आहे. चालीत पण बसतंय. पण 'पाऊस–कूस' हे पक्कं यमक झालं का? 'पाऊस–जाऊस' जसं घट्ट बसतं तसं हे वाटत नाही.

मतल्याचा_माणूस

झालं की. शेवटचं व्यंजन आणि त्याच्या आधीचा स्वर जुळला की मराठी कानाला यमक पुरतं. पाऊस, कूस, माणूस, तिन्हीत 'ऊ' आणि मग 'स'. 'जाऊस'मध्ये त्याच्याही आधीचा 'आ' जुळतो, म्हणून ते जास्त घट्ट लागतं. घट्ट म्हणजे चांगलं असं मात्र नाही. जितकं घट्ट तितके पर्याय कमी, आणि पर्याय कमी म्हणजे तेच तेच. 'आऊस'ला पाऊस सोडला तर हाती काय लागतं? जाऊस, खाऊस, गाऊस, पाहूस, राहूस. सगळी 'नको'च्या मागून येणारी क्रियापदं. म्हणून तर मराठीतले बरेचसे पाऊस विनवण्या करत फिरतात.

गझलेत ह्याला शिस्त आहे. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी'त ती सोप्या मराठीत मांडली आहे: काफिया म्हणजे यमक, रदीफ म्हणजे त्याच्यामागून जशाच्या तसा येणारा शब्द किंवा शब्दसमूह, आणि अलामत म्हणजे यमकाच्या आधीचा न बदलणारा स्वर. पहिल्या शेरात, म्हणजे मतल्यात, दोन्ही ओळींना यमक असतं आणि तिथं जे कबूल केलं ते शेवटपर्यंत पाळायचं. मतल्यात 'पाऊस–जाऊस' घेतलंस तर पुढं 'माणूस' आणता येत नाही, कान ओरडतो. 'पाऊस–माणूस' घेतलंस तर अख्खं रान मोकळं. गाण्याच्या मुखड्यालाही मी हेच लावतो. पहिल्या दोन ओळींत सैल यमक घ्या, पुढं श्वास घ्यायला जागा राहते.

आणखी एक. 'झाडाला–गावाला' ह्याला कृपा करून यमक म्हणू नका. दोघांना एकच 'ला' चिकटलाय एवढंच. तपासायची रीत सोपी आहे: प्रत्यय काढायचा आणि उरलेलं जुळतं का बघायचं. झाडा, गावा. नाही जुळत. नवोदितांच्या निम्म्या कविता ह्या एका चाळणीत गळतात.

निवृत्त_मास्तर

चर्चा चांगली चालली आहे. एक शंका विचारतो. यमक ओळीच्या शेवटीच हवे, हा हट्ट कशासाठी?

आपला मोठा अभंग पाहा. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण. यमक फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला. 'सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया.' विटेवरी–कटावरी जुळले, 'ठेवोनिया'ला कोणी जोडीदार विचारत नाही. ज्ञानेश्वरीच्या ओवीत पहिले तीन चरण जुळतात आणि चौथा आखूड चरण मोकळा सुटतो. ज्या शब्दाला यमक मिळत नाही त्याला बसवायला ही जागा आयती आहे. आपल्या विषयावर प्रयत्न करून पाहिला:

*रान बघे वाट*
*न्हाई एक ढग*
*उरामंदी धग*
*पावसाची*

पाऊस शेवटी आला आणि त्याला यमक लागलेच नाही.

यमकाचा अतिरेक कसा होतो तेही आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. मोरोपंत १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मले, पुढे बारामतीला गेले. त्यांच्या यमकात नुसता शेवटचा स्वर जुळत नाही, अक्षरांचा गटच्या गट पुन्हा येतो आणि दर वेळी अर्थ वेगळा असतो. 'भरपूर', 'कोल्हापूर' आणि पंचगंगेला येणारा 'पूर' अशी जात समजा. प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरे पूर्ण टाळून त्यांनी निरोष्ठ रामायणही लिहिले. कसब अफाट, पण यमकासाठी अर्थाची ओढाताण होते हा आक्षेपही त्यांच्यावर जुनाच. त्यांच्या आधीच्या वामन पंडितांना तर लोक 'यमक्या वामन' म्हणत. ते कौतुक होते की टोमणा, तुम्हीच ठरवा.

ज्यांना खोलात जायचे आहे त्यांनी माधव जूलियनांचा 'छंदोरचना' हा ग्रंथ मिळवावा. माधव त्र्यंबक पटवर्धन, आपल्या राजाराम कॉलेजात फारसीचे प्राध्यापक. फारसीतून मराठीत गझल आणली ती त्यांनी. १९३८ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. करवीर नगर वाचन मंदिरात विचारून पाहा. पुस्तक जड आहे, एका बैठकीत संपवायला जाऊ नका.

उसाचं_पाचट

मास्तर, दंडवत. ह्या चार ओळी संगीतकाराला ऐकवल्या. चाल बदलायला तो तयार नाही, पण मुखड्याच्या आधी ठेक्याशिवाय मोकळ्या आवाजात म्हणायला घेऊ म्हणाला. तुमची परवानगी आहे ना?

निवृत्त_मास्तर

अवश्य घ्या. 'उरामंदी'चे 'उरामध्ये' मात्र करू नका.

मंद्र_सप्तक

मी गाते आणि शिकवते, तेव्हा गळ्याच्या बाजूने बोलते. 'पाऊस', 'कूस' दोन्ही 'स्'वर बंद होतात. मुखड्याच्या शेवटी संगीतकाराला स्वर लांबवायचा असेल तर गायिका काय धरणार, 'ऊऊऊ'? आणि मग शेवटी सापासारखा 'स्स्'? गाण्यासाठी यमक शोधताना शब्द कुठल्या स्वरावर उघडा राहतो हे आधी बघावं. आ, ए, ओ ह्यांवर गळा मोकळा होतो. कविता कागदावर राहणार असेल तर हा प्रश्न येत नाही.

उपाय मराठीतच आहे. शब्द बदलू नका, त्याची विभक्ती बदला. 'पाऊस'ला प्रत्यय लागला की 'पावसा' होतं आणि एकदम दुसरंच गणगोत समोर येतं. पावसाला, नवसाला, दिवसाला, माणसाला, कळसाला. पावसात, माणसात, दिवसात. पावसाची, नवसाची. वर दिलेली चाळणी लावा: 'ची' काढा, पावसा–नवसा. जुळतंय. म्हणजे हे प्रत्ययाचं फसवं यमक नाही.

*रान सारं बघत ऱ्हायलं वाट पावसाची*
*पोचंना का देवापातुर हाक नवसाची*

मिरजकर_तिकटी

ताई, जगात भारी. माझी 'कूस' मी परत घेतो.

उसाचं_पाचट

घेऊ नका दादा, अंतऱ्यात लावतोय.

उलटी_बाराखडी

धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कोश आहे का? इंग्रजीसारखं तयार साधन माझ्या वापरात नाही. मी स्वतःपुरती यादी बनवली आहे, तुम्हीही बनवू शकता. भरपूर मराठी मजकूर घ्यायचा, त्यातले वेगवेगळे शब्द काढायचे, प्रत्येक शब्द उलटा करायचा आणि क्रम लावायचा. शेवट सारखा असलेले शब्द शेजारी येतात. थोडं प्रोग्रॅमिंग येणाऱ्याला हे संध्याकाळचं काम आहे.

खड्डे मात्र आहेत, आणि तुमच्या 'पाऊस'मध्येच पहिला आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या खुणांनी साठवतो त्यात, 'पाऊस'मधला ऊ हे स्वतंत्र अक्षर आहे आणि 'माणूस'मधला ू ही मात्रा. संगणकाच्या लेखी ह्या दोन पूर्ण वेगळ्या खुणा. त्यामुळे ऊस आणि पाऊस एका पानावर येतात, तर माणूस, कापूस, कूस पार दुसऱ्या टोकाला. म्हणून उलटं करण्याआधी सगळे स्वतंत्र स्वर मात्रांत बदलून घ्या. नुसत्या व्यंजनात दडलेला 'अ' कुठं लिहिलेला नसतो, तो हाताने घाला.

दुसरा खड्डा ऱ्हस्व-दीर्घाचा. अकारान्ताच्या आधीचा इकार-उकार मराठी शब्दात दीर्घ लिहितात, तत्सम, म्हणजे संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या शब्दात मुळाप्रमाणे ऱ्हस्व राहतो. म्हणून 'सूर' आणि 'मधुर' यादीत फुटतात. बोलताना दोन्हीत तोच लांब ऊ असतो आणि कोणताही गीतकार ते बिनदिक्कत जुळवतो. अशा जागी दोन्ही एकच धरायचे.

तिसरं, शब्दकोशातून यादी करू नका. कोशात 'पाऊस' असतो, 'पावसाची' नसतं, आणि वर ताईंनी दाखवलं तसं खरं धन तर रूपांत आहे. चालता मजकूर घ्या. मराठी विकिपीडियाचा सगळा मजकूर उतरवून घेता येतो, पण ती माहितीची भाषा. 'कूस', 'नवस' असले शब्द तिथं क्वचित. त्यासाठी जुनं ललित आणि लोकगीतांचे संग्रह टाकावे लागतात.

चॅटवाल्या ॲपलाही विचारून पाहिलं होतं. 'पाऊस'ला त्याने 'आकाश' आणि 'प्रकाश' दिलं. आभाळाशी संबंध आहे खरा.

जोतिबाचा_गुलाल

एवढी चाळणी, अलामत, युनिकोड. लहानपणी काय म्हणायचो? 'ये रे ये रे पावसा, तुला देतो पैसा, पैसा झाला खोटा, पाऊस आला मोठा.' पावसा–पैसा, आधीचा स्वर जुळत नाही. खोटा–मोठा, एकात ट, एकात ठ. दोन्ही नियम मोडले आणि पिढ्यान् पिढ्या पोरं म्हणतात. कुणाचा कान ओरडला?

मतल्याचा_माणूस

मान्य. पण कारण बघा. तिथं ठेका इतका ठाम आहे आणि ओळ इतकी आखूड आहे की कान जुळवून घेतो. बालगीत, पोवाडा, घोषणा, जिथं टाळी किंवा डफ असतो तिथं सैल यमक खपतं. संथ चालीत किंवा कागदावर ते उघडं पडतं. पोवाड्यात तर एकाच यमकावर ओळींची माळ लावत जायची आणि श्रोत्याला धाप लागली की झीलकऱ्यांनी 'जी जी रं जी' करून सोडवायचं. तिथं वेगच काम करतो.

शेंगदाणा_चटणी

बोलीबद्दल कुणीच कसं बोललं नाही? कोल्हापुरात राहून प्रमाण मराठीत यमकं शोधायची म्हणजे हात बांधून कुस्ती. 'आहे'ला काय मिळतं? वाहे, राहे, साहे, पाहे, सगळी जुनी नटलेली. 'हाय' म्हणा: पाय, माय, साय, गाय, जाय, काय, उपाय, न्हाय. ओळीच्या शेवटी 'आहे' मराठीत सारखं येतं, तेव्हा हा फायदा लहान नाही. 'नाही' आणि 'न्हाई', 'खूप' आणि 'लई', प्रत्येक जोडीत यमकाचं घर बदलतं.

आणि आम्ही इकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतो. गाणं बाईच्या तोंडी असेल तर आलो, न्हालो, भ्यालो, झालो ही रांग खुली आहे. पुण्याकडच्या ऐकणाऱ्याला वाटेल गडी गातोय. वाटू दे. माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांत यमक जुळलं नाही तर ती 'गं बाई' घालून ओळ बंद करायची आणि जातं फिरतच राहायचं.

गाण्यात बोली घ्यायची तर आख्ख्या गाण्यात घ्या, एवढंच. यमकापुरतं 'हाय' आणि बाकी ओळीत 'आहे', हे ऐकवत नाही.

दुसरी_घंटा

अनुमोदन. शेवटचं वाक्य छापून स्टुडिओच्या भिंतीवर लावा.

भवानी_बीट्स

आम्ही रॅप लिहितो, तुमच्या शेवटच्या अक्षराच्या भांडणात पडत नाही. आम्हाला दोन-तीन अक्षरं मागून लागतात, आणि व्यंजनं नाही जुळली तरी चालतं, स्वर रांगेत आले पाहिजेत. आपल्या शहरातच माल पडलाय. दसरा चौक – विसरा शौक. महाद्वार – सहा वार. रंकाळा – कंटाळा (अं, आ, आ, तिन्ही स्वर तेच, बघा!). तिकटी – एकटी.

लिहिताना मी आधी असा जोड शोधतो आणि मग तिथंपर्यंत वाक्य कसं न्यायचं ते बघतो. यमक असलेली ओळ आधी, तिच्या वरची ओळ नंतर. वाचणाऱ्याला वाटतं दुसरी ओळ पहिलीवरून सुचली.

मिरजकर_तिकटी

'रंकाळा'ला जिव्हाळा, उन्हाळा, उमाळा असलं लिहून लिहून लोकांनी तळं बुजवायची वेळ आणली. 'कंटाळा' पहिल्यांदा ऐकला. लय भारी.

पावशेर_लोणी

अवांतर: 'रस्सा'ला काय काय? किस्सा, हिस्सा, घुस्सा सगळे बाहेर, आधीचा स्वर जुळत नाही. मग उरतं अस्सा, कस्सा, तस्सा. म्हणजे नियम पाळला तर रश्श्याचं गाणं फक्त कोल्हापुरी माणूसच लिहू शकतो. 'तांबडा'ला 'कोंबडा' आहेच, तो वाटीतही सोबत असतो. 'मिसळ'ला 'विसळ' सापडलं, म्हणजे खाऊन झाल्यावरची ओळ तयार.

मतल्याचा_माणूस

'तांबडा–कोंबडा' नियमात चोख बसतं. शेवटी 'डा', आधी 'अ'. वर 'ंब' फुकट.

निवृत्त_मास्तर

एक आठवण करून देतो. जगदीश खेबूडकर ह्याच गावचे, शिक्षकी पेशातले, आणि 'पिंजरा'ची (१९७२) गाणी त्यांची. ती गाणी पुन्हा ऐकताना यमकांकडे लक्ष देऊन पाहा. दुर्मीळ शब्द फार थोडे, सगळी रोजची क्रियापदे आणि नावे. यमक आले हे ओळ संपल्यावर कळते. यादी जवळ असावी, पण यादीतला सर्वांत चमकदार शब्द उचलण्याचा मोह आवरावा. यमकासाठी आणलेला शब्द ओळीत पाहुण्यासारखा अवघडून बसतो.

उसाचं_पाचट

ठरलं. सुरुवातीला मास्तरांच्या चार ओळी मोकळ्या आवाजात. मुखड्याला ताईंची 'पावसाची–नवसाची', कारण संगीतकाराला तिथं लांब तान हवी होती आणि 'स'वर ती बसतच नव्हती. पहिला अंतरा तोडून तोडून म्हणायचाय, तिथं पाऊस–कूस–ऊस–माणूस. बोली पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच. 'जाऊस' कुठंही नाही. श्रेयनामावलीत कुणाकुणाची टोपणनावं चालतील ते व्यक्तिगत निरोपात कळवा.

मंद्र_सप्तक

माझं नको. गायिकेला फक्त सांगा, 'नवसाची'तला 'सा' लांबव, 'ची'वर चिकटून राहू नको.

कात्यायनीची_वाट

धागा वाचनखुणेत टाकला. उशिरा आले, पण माझीही अडचण घ्या ना. शाळेतल्या मुलींसाठी समूहगीत लिहितेय, ओळीच्या शेवटी 'स्वप्न' आहे. काहीच सापडत नाही.

शेंगदाणा_चटणी

ताई, सापडणारही नाही. जोडाक्षरावर संपणारे शब्द तसेच हट्टी असतात. त्याला ओळीच्या शेवटी उभंच करू नका. मराठीत शब्द इकडचा तिकडं नेला तरी वाक्य मोडत नाही. 'पडलं मला स्वप्न'चं 'स्वप्न मला पडलं' करा, की घडलं, दडलं, अडलं, जडलं, उघडलं, सापडलं सगळे रांगेत.

जोतिबाचा_गुलाल

आणि समूहगीत आहे, टाळ्या असणार. 'ओढलं–जोडलं'सुद्धा खपवा. खोटा–मोठा चालतंय तर हे का नको?

मतल्याचा_माणूस

टाळ्या असतील तरच.